वाचकांचे प्रश्न: गावाचा नंबर लागला की जावंच लागतं

प्रश्न: ताई, बोलिव्हियातल्या एल आल्तो शहराबद्दल तुम्ही मागे लिहिलंत त्यात एक वाक्य होतं, की जनगणना आली की तिथली माणसं बस भरभरून गावी जातात. डोकं चालेना. राहतात शहरात आणि मोजून घ्यायला गावी? माझे वडील गिरणीत होते, शिमग्याला गणपतीला आमचं गावी जाणं ठरलेलं असायचं, तसलंच काही का हे?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: तसलंच, पण पुरतं नाही. चाकरमानी एखाद्या शिमग्याला गेला नाही तर भावकी चार दिवस बोलेल आणि विसरेल, सातबाऱ्यावरचं नाव काही खोडणार नाही. एल आल्तोच्या आसपासच्या आयमारा या तिथल्या मूळ आदिवासी समाजाच्या गावांमध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी जमीन कोणाकडे राहायची हे कागदाइतकंच गावाची सभा ठरवते, आणि सभेचा हिशोब सरळ असतो, जमीन पाहिजे ना, मग गावाची कामं कर, वर्गणी दे आणि तुझा नंबर लागेल त्या वर्षी गावाचा कारभार बघ.

मी एल आल्तोत ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिले त्यांचं टायर पंक्चरचं दुकान होतं, आणि नेमका त्याच वर्षी त्यांचा नंबर लागला. खिलाकाता म्हणजे गावचा वर्षभराचा कारभारी. झालं, दुकान मेव्हण्याच्या गळ्यात आणि हे दर शुक्रवारी अंगात पोंचो, त्यावर तिरका चाबूक, कमरेला कोकाच्या पानांची विणलेली पिशवी अशा थाटात बस पकडायचे. हे पद जोडप्यानं घ्यायचं असतं, एकट्या पुरुषाला मिळत नाही. ऐकायला किती छान ना, पण घरमालकीण म्हणायच्या, पोंचो तो घालतो आणि सभेला आलेल्यांचा स्वयंपाक मी करते. मला त्यांचंच पटायचं.

अशा शहरात गेलेल्यांना गावात 'रेसिदेंते' म्हणतात, म्हणजे रहिवासी, आणि राहतात कुठे तर दुसरीकडेच! त्यात थोडा टोमणाही असतो.

आता जनगणना. १९९४ च्या कायद्याने तिथे सरकारी पैसा नगरपालिकांना डोक्यांच्या संख्येवर वाटायला सुरुवात झाली, ग्रामीण भागातल्यासुद्धा. डोकी कमी तर पैसे कमी, म्हणजे रस्ता, शाळा, पाणी सगळंच रखडणार. म्हणून गावं आपल्या रेसिदेंतेंना निरोप धाडतात की या दिवशी इथे हजर राहा. मोजणीच्या दिवशी रस्त्यावर फिरायला बंदी असते, त्यामुळे निघायचं आदल्या दिवशीच. २०१२ ला हेच झालं, २०२४ लाही. शहरवाले चिडतात, कारण नळ-गटारं वापरायची इथली आणि मोजणी तिकडची. त्यांचंही चूक नाही म्हणा.

ही माणसं शहरात आली कशी ते थोडक्यात सांगते. १९८३ चा दुष्काळ, मग १९८५ ला जगात कथलाचे भाव कोसळले, सरकारी खाणींतून २० हजारांहून जास्त कामगार घरी गेले आणि त्यातले बरेच, देशाचं सरकार जिथून चालतं त्या ला पाझ शहराच्या वरच्या पठारावर, म्हणजे एल आल्तोत, चार हजार मीटर उंचीवर येऊन राहिले. एल आल्तो वेगळी नगरपालिका झाली तीही १९८५ लाच.

आणि हे येणंजाणं नुसतं माणसांचं नाही. गावाहून चुन्यो यायचा, म्हणजे जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री छोटे बटाटे उघड्यावर पसरून गोठवायचे, दिवसा अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, मग वाळवायचे. काळा खडाच जणू, हातात घेतला तर वजनच नाही, पण वर्षानुवर्षं टिकतो. पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं आणि वर मार्करने नाव. परत जाताना तेच पोतं साखर, तांदूळ, तेल, पाव भरून जायचं. गावच्या जत्रेत कोणी बिअरचे क्रेट आणले तर तेही वहीत लिहून ठेवतात, कारण त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढेच परत न्यायचे असतात. आपल्याकडे आहेराची वही असते ना, अगदी तशी.

प्रश्न: लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे लोक मुंबई-नाशिक हायवेने चालत निघाले होते. तिकडेही असं काही झालं का?
(एक वाचक, इगतपुरी)

उत्तर: झालं, शेजारच्या पेरू देशात, तेही त्याच सुमारास. एप्रिल २०२० ला राजधानी लिमामधून हजारो लोक गाद्या-बोचकी, पाठीवर पोरं घेऊन डोंगराकडे जाणाऱ्या हमरस्त्याने चालत निघाले, रोजची कमाई बंद आणि खोलीचं भाडं चालू, दुसरं काय करणार. १९४० मध्ये सहा-साडेसहा लाखांचं असलेलं हे शहर आज कोटीच्या घरात आहे ते बरंचसं डोंगरातून उतरलेल्या माणसांमुळेच, आणि त्यातले कित्येक १९८० नंतरच्या यादवीत गाव सोडून पळालेले. पोलिसांनी नाकी लावली, काही गावांनी तर दगड टाकून रस्ते अडवले, आजार नको म्हणून. आपल्याकडे पण गावांच्या वेशीवर काट्या टाकल्या होत्या की, विसरलात का?