ऑनिंगच्या कापडाला भिंतीलगत चीर गेली आहे. ठिगळ लावावे की पूर्ण कापड बदलावे?

आपल्या मोटारघराची ऑनिंग, म्हणजे गाडीच्या भिंतीला बसवलेले उघडता-गुंडाळता येणारे कापडी छत, पीव्हीसीच्या कापडाची आहे, गाडीच्या भिंतीलगत त्या कापडाला वीतभर चीर गेली आहे, आणि ठिगळ पुरेल की नाही, असे आपण विचारले आहे. ठिगळ टिकते. परंतु चीर नेमकी तेथेच का गेली याचा शोध न घेता लावलेले ठिगळ ही पुढच्या पावसापर्यंतचीच सोय असते, आणि हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण याच मुद्द्यावरून माझे आणि माझ्या थोरल्या मेहुण्यांचे आजतागायत पटलेले नाही.

गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. मेहुण्यांचा आग्रह असा की ऑनिंग उघडल्यावर तिचे दोन्ही आर्म, म्हणजे कापड तोलून धरणारे बाजूचे दांडे, अगदी एका पातळीत दिसले पाहिजेत. एक टोक खाली घेतले की त्यांना गाडी कलंडल्यासारखी वाटे. पाणी वाहून जाण्यासाठी मी एका बाजूचा आर्म दीड वीत खाली घ्यावा आणि मी आत गेल्यावर त्यांनी तो पुन्हा वर चढवावा, असे बरेच दिवस चालले. अशाच एका रात्री पाऊस झाला. सकाळी पाहतो तो कापडाच्या मधोमध पाण्याचा डोह, कापड ज्यावर गुंडाळले जाते ती रोलरची नळी मध्यभागी वाकलेली, आणि कापडाची कड जिच्यात अडकवलेली असते त्या भिंतीकडच्या खाचेलगत चीर, बहुधा आपल्याकडे आहे तशीच. मेहुण्यांनी तत्काळ निदान केले की कापडच हलक्या प्रतीचे होते.

मी त्यांच्यापुढे साधा हिशेब मांडला. चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद कापडाचे क्षेत्रफळ 10 चौरस मीटर होते. त्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 100 लिटर, म्हणजेच 100 किलो पाणी झाले. सगळे पाणी थोडेच साठते, असे ते म्हणाले. मान्य आहे, पण निम्मे साठले तरी 50 किलोंचे ओझे मधोमध लोंबते, आणि झोळ पडला की पुढचे पाणी आपोआप त्याच ठिकाणी येते. हा सगळा ताण एकीकडे रोलरवर आणि दुसरीकडे भिंतीवरील ॲल्युमिनियमच्या खाचेवर येतो. खाचेच्या धातूच्या कडेवर कापड दुमडले जाते, म्हणून ते तेथे फाटते. यावर त्यांनी रोलरमधल्या स्प्रिंगचे पीळ वाढवण्याचा उपाय सुचवला. स्प्रिंग कापड गुंडाळून घेण्यासाठी असते, पाणी उचलण्यासाठी नव्हे. गरजेपेक्षा जास्त पीळ दिले तर स्प्रिंगच निकामी होते. अखेर त्यांच्या हट्टापायी वाकलेली नळी बदलून आणि चिरेवर ठिगळ मारून ऑनिंग पुन्हा पूर्ववत समपातळीत लावण्यात आली, आणि पुढच्या मोठ्या पावसात ठिगळ शाबूत राहून त्याच्या शेजारचे कापड फाटले. मेहुण्यांच्या मते याचा दोष चिकटपट्टीकडे जातो.

तेव्हा आधी खाचेची कड बोटाने चाचपून पाहावी. ती धारदार किंवा चेपलेली असल्यास कानशीने गुळगुळीत करावी. भिंतीलगतची पट्टी ऑनिंग गुंडाळलेली असतानाही काही वेळा उघडी राहते आणि वर्षभर ऊन खाते, त्यामुळे ती दुमडून पाहणे आवश्यक आहे. दुमडल्यावर तडे दिसले किंवा आतले धागे उघडे पडले, तर पूर्ण कापड बदलावे; तेथे ठिगळ लावणे व्यर्थ आहे. कापड लवचीक असेल, तर दोन्ही बाजू साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्याव्यात आणि ऑनिंग दुरुस्तीची पट्टी वरून व खालून चिकटवावी. पट्टीचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. पट्टी लावताना कापड सपाट असावे, ताणलेले नसावे. सुईदोऱ्याच्या मोहात पडू नये. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपते आणि मग शिलाईवर वेगळे सीलर लावत बसावे लागते.

देखभालीबद्दल आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. ओले कापड गुंडाळू नये. नाइलाजाने गुंडाळावे लागलेच तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावे. पीव्हीसीवर दिसणारी बुरशी मुख्यतः त्यावर साचलेल्या मळावर वाढते, त्यामुळे मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरतो; ब्लीचने शिलाईचा दोरा कमकुवत होतो. आर्मच्या सांध्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची मेहुण्यांची सवय होती आणि त्यावर धूळ चिकटून सरकणारे भाग घासले जात. तेथे सुके सिलिकॉन वंगण लावावे.

येथे काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. वरचे सर्व हाताने उघडणाऱ्या, स्प्रिंगच्या ऑनिंगबद्दल आहे. विजेवर चालणाऱ्या काही ऑनिंगमध्ये पाण्याचा भार वाढताच आर्म स्वतःहून खाली झुकून पाणी ओततो, तेथे हा वाद उद्भवत नाही. कापड पीव्हीसीऐवजी ॲक्रिलिकचे असेल, तर पीव्हीसीची चिकटपट्टी त्यावर धरेलच असे नाही. उतार दिला म्हणजे वाऱ्यापासूनही बचाव झाला असे समजू नये, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. सोसाट्याचा वारा सुटला की ऑनिंग बंद करणे हाच उपाय आहे. आणि कापड बदलण्याची वेळ आलीच, तर रोलरच्या टोकाची टोपी पिन अडकवल्याशिवाय उघडू नये. आत पिळलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर टोपी गरगर फिरून बोटे मोडू शकते. त्या कामाला किमान दोन माणसे हवीत. एकाने टोपी पकडीने घट्ट धरावी, आणि पीळ सोडताना किती फेरे सुटले ते दुसऱ्याने मोजून लगेच लिहून ठेवावे, म्हणजे नवे कापड बसवल्यावर तितकेच फेरे परत देता येतात.