तिचं वाक्य पूर्ण होऊ दे

अरे,

मेल वाचला, तुझ्या ऊसतोडीवरच्या फिल्मचा रफ कटपण बघितला. बारा मिनिटांत एक बंजारा, एक वंजारी, एक दलित, एक मुस्लिम, दोन बायका, आणि आता विचारतोयस की ताई सगळे बसत नाहीयेत, कोणाला काढू? फिल्म करतोयस का रेशनकार्ड? फंडवाल्यांच्या फॉर्ममधला डायव्हर्सिटीचा रकाना भरायचा तो भर, मीपण भरते, पण तो फॉर्म एडिट टेबलवर आणू नको.

मला खटकलं ते वेगळंच. बायका दिसतात भरपूर, पहाटे फडात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना, झोपडीवजा कोपीपुढं चूल फुंकताना. बोलतंय कोण? मजूर आणणारा मुकादम, कारखान्याचे साहेब आणि एक प्राध्यापक. नवरा-बायको मिळून मजुरीला एक 'कोयता' मोजतात हे प्राध्यापक समजावतात आणि जिचा अर्धा कोयता आहे ती मागे उसाचं वाढं बांधत बसलीय. उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब नवऱ्याशीच होतो, आणि आपण कॅमेरा घेऊन गेलो तरी तेच करतो. तिचं वाक्य पूर्ण होऊ दे रे, एवढंच.

2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं समिती नेमली, ते व्हायलाच हवं होतं. पण मग जो तो जाऊन एकच विचारायला लागला, पिशवी कधी काढली? तिनं 'काढली' म्हटलं की कट. का काढली, पैसा कुठून आणला, किती दिवसांनी परत फडात गेली, ते ऐकायला कोण थांबलं? तूही नाही थांबलास.

आणि मी काय दिवे लावले? वीसेक वर्षांपूर्वी एका तांड्यावरची बाई माझ्यासमोर चाळीस मिनिटं बोलली. म्हणाली, उचल फिटली नाही, आता पोरीला शाळेतून काढायला लागंल. मी तिथंच कट मारला, खाली बासरी टाकली, लोक रडले, कौतुक झालं. तिच्या वाक्यात पुढं 'पण' होता. पण मी काढणार न्हाई, मुकादमाला तोंडावर सांगितलंय. तो 'पण' मी खाल्ला.

तेव्हा वेळ नव्हता हे खरंय. चॅनलला बावीस मिनिटंच हवी होती, एडिट सूटचं भाडं तासावर, साठ मिनिटांची टेपसुद्धा जपून वापरायची, तुम्हाला आता ते कळायचं नाही. शिवाय ती बाई मधेमधे गोरमाटीत, तिच्या बंजारा बोलीत, जायची आणि सबटायटलला पैसे नव्हते. बघ, अजून कारणंच सांगतेय. 1935 साली 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' ही डॉक्युमेंटरी करणारे लंडनच्या स्टेपनीत तेव्हाची अवजड साउंडची यंत्रं घेऊन लोकांच्या खोल्यांत गेले होते आणि उंदीर, ढेकूण, पडकी घरं हे त्या लोकांच्याच तोंडून सांगवलं होतं. तुझा रेकॉर्डर खिशात मावतो.

तेव्हा कोणाला काढू विचारत असशील तर आधी प्राध्यापकांना काढ, चांगले आहेत ते, रागावणार नाहीत. चारच माणसं राहिली तरी चालतील. वाक्य पूर्ण होऊ दे.

सातव्या मिनिटाला त्या लाल लुगड्यातल्या आजी 'आमचं काय' म्हणतात आणि तू ड्रोन शॉटवर जातोस. ती मूळ क्लिप उघड, पुढचं सगळं ऐक आणि मग मला फोन कर. दहाच्या आत कर, नंतर मी गोळी घेऊन झोपते.