शुगरमुळे की दारूमुळे?

पत्र: ताई, माझे मिस्टर ४७ वर्षांचे, एमआयडीसीत सुपरवायझर. शुगर आहे, वजन ८४ किलो. रोज रात्री व्हिस्कीचे दोन लार्ज पेग, शनिवारी क्वार्टर. सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलंय. एसजीओटी ६२, एसजीपीटी ५४, प्लेटलेट्स १ लाख ७५ हजार. हे म्हणतात, “शुगरमुळे आहे, हल्ली सगळ्यांनाच असतं.” डॉक्टरांना ‘कधीतरी घेतो’ असं सांगतात आणि मी शेजारी गप्प बसते. माझे धाकटे दीर पोटात पाणी होऊन गेले. यांच्या जिवाला धोका आहे का?

उत्तर: हो, आहे. पण अजून बरंच काही हातात आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

शुगर की दारू, या वादात तुम्ही दोघांनी किती रात्री घालवल्या असतील! यकृताला दोन्हींचा मार बसतो, आणि एकत्र आल्यावर तो नुसत्या बेरजेपेक्षा जास्त असतो. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजारांची नावं नव्याने ठरवली, तेव्हा अशा दुहेरी कारणाच्या रुग्णांसाठी ‘मेट-एएलडी’ हा वेगळा गट केला. शुगर, बीपी, वजन यांपैकी काहीतरी आहे आणि पुरुष आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम अल्कोहोल घेतो, असा तो गट. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या ६० मिलीत, म्हणजे एका लार्ज पेगमध्ये, साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं, क्वार्टरमध्ये ६०. तुम्ही लिहिलेला हिशेब आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आसपास जातो. याला ‘कधीतरी’ म्हणता येत नाही.

आता जिवाच्या धोक्याबद्दल. नुसत्या चयापचयाच्या, म्हणजे शुगर-वजनामुळे झालेल्या, फॅटी लिव्हरमध्ये सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात. दारूचं प्रमाण वाढत जातं तसं यकृतामुळेच जाण्याचं प्रमाण वाढतं. यांना दोन्हीकडून धोका आहे, म्हणून बीपी आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.

आयुष्य किती धोक्यात आहे, हे यकृतात किती चरबी साठली यापेक्षा किती व्रण धरले, म्हणजे फायब्रोसिस किती झाला, यावर जास्त ठरतं. सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ चरबीची असते, व्रणांची नाही. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, थोडंसंच वाढलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. ते अगदी नॉर्मल असतानाही आतून आजार वाढलेला असू शकतो. वय आणि तुम्ही पाठवलेले तीन आकडे यांवरून ‘फिब-फोर’ नावाचा निर्देशांक काढतात. यांचा साधारण २.३ येतो. १.३ च्या खाली असता तर धोका कमी मानला असता, २.६७ च्या वर गेला असता तर मोठा. मधल्या आकड्याला पुढची तपासणी लागते: फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणं. सुई नाही, भूल नाही, काही मिनिटांचं काम. ती याच महिन्यात करून घ्या.

आणि पुढच्या भेटीत पेगचा खरा आकडा डॉक्टरांसमोर येऊ द्या. मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे. डॉक्टर ‘कधीतरी’ ऐकून उपचार ठरवतायत. आधी घरी यांना सांगा, संध्याकाळी सातच्या आत, ग्लास हातात नसताना: “यावेळी तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगणार.” एवढंच. दिरांचं नाव काढू नका. भाऊ त्यांचा गेलाय, ती भीती त्यांच्या मनात आहेच.

दारू पूर्ण बंद हाच सल्ला. दोनचा एक पेग करून भागणार नाही. मात्र सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या औषधांखालीच थांबवा. दारू सुटल्यावर तिच्यामुळे साठलेली चरबी काही आठवड्यांत उतरायला लागते. वजन ६ ते ८ किलोंनी कमी झालं तर सूजही कमी होते, आणि सुरुवातीचे व्रणही काही प्रमाणात भरून येऊ शकतात. पेगबरोबरचं फरसाण आणि तळणही तेव्हाच जाईल. लिव्हर टॉनिकवर पैसे घालवू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी ‘लिव्हरला त्रास होईल’ म्हणून परस्पर बंद करू नका.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. तिथे आधी तुम्ही एकट्या बोललात तरी चालेल. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’च्या सभा असतात. रात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं. हे ‘नाही’ म्हणाले, तरी तुम्ही जा. फायब्रोस्कॅनचा आकडा आला की मला कळवा.