नेव्हरमाइंडच्या पुढे काय ऐकू?

प्रश्न: निर्वाणा या रॉक बँडचा १९९१ चा अल्बम नेव्हरमाइंड पाठ झालाय, त्याच काळातलं पण कमी गाजलेलं काहीतरी सुचवा ना.

उत्तर: स्लिंट या बँडचा स्पायडरलँड ऐकाच! १९९१ चाच अल्बम, अमेरिकेतल्या लुईव्हिलची पोरं, फक्त सहा गाणी. गिटार अगदी हळू वाजत असते, गाणारा जवळजवळ कुजबुजतो, आपण कान देऊन बसतो आणि मग शेवटच्या गाण्यात तो जीव तोडून ओरडतो तेव्हा अंगावर सर्रकन काटा येतो, मला आजही येतो. पुढे ज्याला पोस्ट रॉक (रॉकचीच वाद्यं, पण नेहमीच्या गाण्याच्या साच्याबाहेरचं संगीत) म्हणायला लागले त्याची मुळं इथेच आहेत. मग माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा लव्हलेस घ्या, तोही १९९१ चाच, गिटारच्या आवाजात अक्षरशः बुडायला होतं. पण दोन्ही हेडफोनवर, सलग ऐका, मधेच गाणं बदलू नका प्लीज.