जुना एन.ए. आदेश आणि नवा रहिवासी झोन

प्रश्न : वडिलांनी १९८९ साली लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गटात दोन एकरांना एन.ए. (अकृषिक, म्हणजे बिगरशेती वापराची) परवानगी घेतली. एका एकरावर डाळ मिल, दुसऱ्यावर गोदाम. मिल तेव्हापासून चालू आहे, गोदाम झालंच नाही. आता गट नगरपरिषदेच्या हद्दीत येऊन रहिवासी झोन पडला आहे. शेजारच्या प्लॉटधारकांच्या तक्रारीवरून मिल बंद करण्याची नोटीस आली आहे. जुन्या आदेशावर गोदाम तरी बांधता येईल का?

उत्तर : आदेश एकच असला तरी दोन्ही एकरांची अवस्था वेगळी आहे.

आधी मिल. परवानगीने उभी राहिलेली आणि अखंड चालू असलेली मिल केवळ झोन बदलला म्हणून रातोरात बेकायदा होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे परवानगी लागते ती नव्याने वापर सुरू करायला, तो बदलायला किंवा बांधकाम करायला. पण कलम ५२ मध्ये विकास आराखड्याविरुद्ध वापर चालू ठेवण्यालाही दंड आहे, म्हणून गप्प बसू नका. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि त्यातच सध्याचा वापर चालू ठेवू द्यावा अशी मागणी करा. हे संरक्षण आज आहे तेवढ्याच मिलला मिळतं. शेड वाढवलं किंवा डाळीऐवजी तेल काढायला लागलात, तर नवी परवानगी लागेल. भुशाची धूळ आणि आवाज यांचा प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा आहे, तिथे एन.ए. आदेश कामाचा नाही.

आता कागद. तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्यावर पीकपाहणीत सलग काही वर्षं दोन्ही एकरांवर सोयाबीन दाखवलंय. मिलच्या एकरावर सोयाबीन कुठून येणार? पण समोरचा वकील पहिला हाच उतारा काढील. दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे आजच अर्ज करा. गाव नमुना दोनचा (गावातल्या अकृषिक जमिनींच्या नोंदवहीचा) उतारा, अकृषिक आकारणीच्या पावत्या, औद्योगिक मीटरची जुनी बिलं, कारखाना परवाना, मालमत्ता कराचा आकारणी उतारा हे वर्षवार लावा. एन.ए. वापर सुरू झाल्यावर तीस दिवसांत तहसीलदारांना कळवावं लागतं. वडिलांनी तसं पत्र दिलं असेल तर त्याची पोच शोधाच. आदेश आणि मंजूर नकाशा घरी नसेल, तर अभिलेख कक्षातून नक्कल मिळवा.

गोदामाबाबत मात्र मी खोटी आशा देणार नाही. कलम ४८ प्रमाणे बांधकाम परवानगी एक वर्ष टिकते आणि त्यापुढची मुदतवाढ फार तर तीन वर्षांची. एन.ए. आदेशातही ठरावीक मुदतीत वापर सुरू करण्याची अट असते, ती वाचून घ्या. इतकी वर्षं त्या एकरावर पीक निघालं, म्हणजे ती परवानगी वापरलीच गेली नाही. मिलच्या आधारावर तिला जिवंत करता येत नाही.

मात्र नव्याने अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही. तो आजच्या आराखड्याच्या निकषावर तपासला जाईल, म्हणून आधी झोन दाखला घ्या. अर्ज नाकारला, तर आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं.

तोवर गोदामाचा पाया खणू नका. एक अनधिकृत बांधकाम सापडलं की मिलच्या बाजूने मांडलेल्या सगळ्या कागदांकडेही संशयाने पाहिलं जाईल.