झाडांसाठी हरकत नोंदवा आणि रस्त्याचं अंदाजपत्रकही मागा

नागपूरच्या प्रतापनगरातल्या ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गल्लीत सिमेंट रस्ता आणि पावसाळी नाली होणार म्हणून नऊ झाडांवर तोडणीच्या नोटिसा लागल्या. तुम्ही सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन दिलं, त्यावर "बघू" एवढंच उत्तर मिळालं. आणि याच रस्त्यावर गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांची आज फक्त ट्री गार्ड उभी आहेत. आता पुढे काय करायचं?

पहिलं म्हणजे, निवेदन आणि हरकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातल्या झाडांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात तोडणीआधी झाडावर नोटीस लावणं, वर्तमानपत्रात जाहिरात देणं आणि लोकांच्या हरकती मागवणं बंधनकारक आहे. हरकतीची मुदत साधारण सात दिवसांची असते. या मुदतीत महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने आलेल्या हरकतीची फाइलवर नोंद घ्यावीच लागते. "आमची झाडं वाचवा" असं निवेदन बाजूला ठेवता येतं. म्हणून आजच सगळ्या नोटिसांचे तारखेसकट फोटो काढा आणि हरकत उद्यान विभागात व तुमच्या झोन कार्यालयात, दोन्हीकडे द्या. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का बघूनच उठा.

हरकत झाडागणिक लिहा. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि लोक नेमका इथेच कंटाळा करतात. टेप घेऊन दोघं-तिघं सकाळी बाहेर पडा. प्रत्येक झाडाचं नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, कोणाच्या घरासमोर आहे, डांबराच्या कडेपासून किती अंतरावर आहे, सगळं मोजा. मग मजकूर असा येतो : "झाड क्रमांक ४, कडुनिंब, घेर २ मीटर १० सेंटिमीटर, प्रस्तावित नालीच्या रेषेपासून सव्वा मीटर पूर्वेला. नाली समोरच्या बाजूने नेल्यास हे झाड तोडण्याची गरज उरत नाही." असं लिहिलं की अभियंत्याला त्या एका झाडाचं उत्तर द्यावं लागतं. नऊपैकी एखादं झाड खरंच पोखरलेलं असेल, तर त्याला हरकत नाही असंही स्पष्ट लिहा. त्याने बाकीच्या आठ हरकतींचं वजन वाढतं.

याच अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं आणि ते तोडायची परवानगी सहजासहजी देता येत नाही. झाड तोडावंच लागलं, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची, असंही त्यातच आहे. मग वय सिद्ध कसं करायचं? तुमच्या भागातल्या जुन्या घरांमध्ये वास्तुशांतीचे, लग्नाचे फोटो असतील. त्यात फाटकामागे तोच कडुनिंब मोठा झालेला दिसला, तर तो पुरावा आहे. गल्लीतल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांचं म्हणणं त्यांच्या सहीने लिहून घ्या. लेआउट नागपूर सुधार प्रन्यासाचं (नासुप्र) असेल तर मंजुरीचं वर्षही मिळतं.

आता पैशांचं. मला वाटतं तुमची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे, कारण तुम्ही घरटॅक्ससोबत वृक्ष कर भरता. तो झाडांसाठीच वापरायचा असतो. तेव्हा माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा आणि एवढंच मागा : गेल्या तीन वर्षांत तुमच्या प्रभागातल्या वृक्षारोपणाचे कार्यादेश, रोपं आणि ट्री गार्ड यांची देयकं, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मोजणी लिहितात ती वही) संबंधित पानं, आणि देखभालीची मुदत कोणावर होती ते. दुसऱ्या अर्जात रस्त्याचं अंदाजपत्रक आणि नालीचा नकाशा मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द असा नियम आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र करू नका. प्रत्येकी १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर.

३० दिवस थांबायला वेळ नाही, हे मलाही कळतं. राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रक काढलं आहे. त्याप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत न्या. एका कार्यालयात मला "असं काही नसतं" असं सांगितलं होतं. प्रत टेबलावर ठेवल्यावर दहा मिनिटांत फाइल आली. अंदाजपत्रकात झाडाभोवती आळं सोडण्याची बाब आहे का, तेवढं नक्की बघा. ती नसेल तर ठेकेदार बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो, कारण आळं सोडण्याचे पैसे त्याला मिळतच नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. आपल्या शहरातल्या कितीतरी सिमेंट रस्त्यांवर तेवढी जागा दिसत नाही. साल सिमेंटच्या कडेवर फुगून आलेली असते, खाली पाणी जात नाही, आणि चार-पाच वर्षांनी तेच झाड "धोकादायक" म्हणून तोडायच्या यादीत येतं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात हे होताना पाहून फार वाईट वाटतं.

आणि ही लढाई नागपुरात नवीन नाही. अजनीच्या रेल्वे वसाहतीतली झाडं इंटरमॉडल स्टेशनसाठी (रेल्वे, बस वगैरे एकाच ठिकाणी आणणारं स्थानक) जाणार म्हटल्यावर लोक उभे राहिले, झाडांच्या आकड्यावरच प्रश्न विचारले, हरकतींचा पाऊस पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तुमची नऊच झाडं आहेत, पण रीत तीच.

मुदतीच्या आत आरा घेऊन कोणी आलंच, तर भांडू नका. परवानगीची प्रत मागा, झाडाचा क्रमांक तिच्याशी पडताळा, व्हिडिओ काढा, वृक्ष अधिकाऱ्याला आणि ११२ ला फोन करा. अशी कामं बऱ्याचदा सुटीच्या दिवशी सकाळी होतात, त्यामुळे गल्लीत कोण घरी असतं ते आधीच ठरवून ठेवा.

नोटिसांवरची तारीख कळवा, म्हणजे किती दिवस उरलेत ते बघू. हरकतीचा मसुदा इथे टाकलात तर आज रात्रीच वाचून काय बदलायचं ते सांगतो.