गेममध्ये वाघ मारला तर बिघडलं काय?

प्रश्न असा आहे: वाघ, गेंडा, व्हेल अशा संरक्षित प्राण्यांची शिकार व्हिडिओ गेममध्ये करणं अनैतिक आहे, की शेवटी ती पडद्यावरची चित्रंच आहेत?

पडद्यावरच्या वाघाला वेदना होत नाहीत, त्यामुळे बटण दाबण्यात मला पाप दिसत नाही. मला खुपतो तो थोड्या वेळाने त्याच झुडपामागून निघणारा दुसरा वाघ. खऱ्या वाघिणीच्या पोटात बछडी साधारण साडेतीन महिने असतात आणि जन्मानंतर दोनेक वर्षं तिच्याच आधाराने जगतात. गेंड्याची मादी एका पिल्लासाठी पंधरा-सोळा महिने गाभण असते. बहुतेक गेम हा हिशेब पुसून टाकतात. कितीही मारा, जंगल भरलेलंच! संरक्षित प्राणी संरक्षित का आहे, नेमकं तेच अशा गेममध्ये दिसेनासं होतं.

‘फार क्राय ४’ (२०१४) घ्या. हिमालयातला एक काल्पनिक देश, त्यात वाघ, गेंडे, हिमबिबटे. कातडं सोलायचं, त्यातून पाकीट आणि पिशव्या मोठ्या करत जायच्या. म्हणजे प्राण्याची किंमत ठरते ती त्याच्या कातड्यावरून. शिवाय हिमबिबट्या थेट अंगावर झेप घेतो, त्यामुळे त्याला मारणं हा स्वसंरक्षणाचा भाग वाटू लागतो. खरा हिमबिबट्या माणसाची चाहूल लागताच कड्याकपारीत नाहीसा होतो. गोळी झाडण्यापेक्षा ही बदनामी मला जास्त गंभीर वाटते.

‘असॅसिन्स क्रीड ४’मध्ये (२०१३) होडीतून व्हेलवर हार्पून, म्हणजे दोर बांधलेले भाले, फेकावे लागतात, म्हणून ‘पेटा’ या प्राणीहक्क संघटनेने तेव्हा टीका केली होती. ती मला पूर्ण पटत नाही. कथा अठराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि त्या काळी व्हेलची शिकार होत होतीच. इतिहास दाखवणं म्हणजे त्याची भलामण करणं नव्हे. फक्त दाखवायचाच असेल तर त्याचा शेवटही दाखवावा.

तो ‘रेड डेड रिडेम्प्शन’ने (२०१०) दाखवला. त्यातल्या माळरानावरचे बायसन, म्हणजे अमेरिकेतले गव्यासारखे रानटी बैल, मोजकेच आहेत आणि मारलेला बायसन परत येत नाही. शेवटचा मारलात की ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ नावाची ट्रॉफी मिळते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्ताराचं समर्थन ज्या कल्पनेने केलं जायचं, तिचंच हे नाव. ट्रॉफी हातात येते आणि माळ कायमचा रिकामा राहतो. प्रत्यक्षात कोट्यवधींचे कळप १८८०च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास उरले होते. दुसऱ्या भागात (२०१८) कॅरोलिना पॅराकीट हा पोपट असाच मोजका ठेवलाय. सगळे मारले तर तो त्या खेळातून नामशेष होतो. खऱ्या जगात पिंजऱ्यातला शेवटचा पक्षी १९१८मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे गेम खेळाडूला संहार करू देतात, तरीही माझ्या मते ते अधिक प्रामाणिक आहेत, कारण केलेलं निस्तरता येत नाही.

‘द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड’चं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. प्राण्याच्या वर्गाला (गेमने आकारानुसार पाडलेल्या गटाला) न जुळणारी गोळी वापरली तर बक्षीस कमी होतं, फुप्फुस किंवा हृदय चुकलं तर रक्ताचा माग काढत फिरावं लागतं, आणि एकाच जागी फार शिकार केली तर नकाशावर तो भाग जांभळा होत जाऊन प्राणी तिथली चरण्या-पिण्याची जागा सोडतात. शिकारीची शिस्त म्हणून हे उत्तम आहे. पण नेपाळवर बेतलेल्या सुंदरपाटन नकाशात वाघ आणि हिमबिबट्या हरणांसारखेच शिकारीच्या यादीत आहेत, आणि नेपाळमध्ये दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. शिस्तीच्या वेष्टनात आलेली ही सूट मला खटकते.

याच्या उलट ‘माइनक्राफ्ट’. कासव मारलं तर फार तर थोडं समुद्री गवत मिळतं. टोपीसाठी लागणारा कवचाचा खवला मात्र पिल्लू मोठं झाल्यावरच पडतो. म्हणजे किनाऱ्यावरची अंडी जपावी लागतात, झोंबी ती तुडवतात म्हणून कुंपण घालावं लागतं. पांडा मारून हाती येतो तो बांबू, आणि तो जंगलात उगवतोच. एक अक्षरही उपदेश न करता मारण्यातला फायदाच काढून घेतलाय.

तुम्ही खेळत असलेला गेम पारखायचा तर आधी बघा, मेलेल्या प्राण्यातून काय पडतं आणि तीच वस्तू दुसऱ्या मार्गाने मिळते का. मग एका भागातले प्राणी संपवा आणि थोड्या वेळाने परत जा. तो भाग पुन्हा भरला असेल तर काय समजायचं ते कळेल. मुलं खेळत असतील तर हे त्यांच्यासोबत बसून करा, गेम बंद करायची गरज नाही. ‘फार क्राय’सारख्या गेममध्ये सगळ्या पिशव्या न वाढवताही कथा पूर्ण होते, दारूगोळा कमी मावतो, इतकंच.

‘रेड डेड ऑनलाइन’मध्ये निसर्गअभ्यासकाची भूमिका घेता येते, ती जरूर घ्या. व्हार्मिंट रायफलमध्ये (लहान प्राण्यांसाठीच्या हलक्या बंदुकीत) गुंगीच्या गोळ्या भरायच्या, मोठ्या प्राण्याला एकाहून जास्त लागतात. प्राणी आडवा झाला की जवळ जाऊन नमुना घ्यायचा आणि औषध देऊन त्याला उठवायचं. घाईत साधी गोळी निवडलेली राहते आणि प्राणी मरतो, ही नेहमीची चूक. म्हणून नेम धरण्याआधी कोणती गोळी भरली आहे ते एकदा बघून घ्या.